इंग्रज कोण, ब्रिटिश कोण

८ डिसेंबर १७६२ ची संध्याकाळ. लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात 'लव्ह इन अ व्हिलेज' या नव्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग होता. वाद्यवृंद सुरू होणार एवढ्यात स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या पलटणीचे दोन अधिकारी गणवेशात आत आले. वरच्या गॅलरीतल्या प्रेक्षकांनी त्यांना पाहिलं आणि एकच गिल्ला केला: स्कॉट नकोत, यांना बाहेर काढा! शिट्ट्या सुरू झाल्या, पाठोपाठ सफरचंदं येऊन आदळू लागली. हे दोघे हवानाच्या मोहिमेवरून नुकतेच परतले होते. चारच महिन्यांपूर्वी ब्रिटिश फौजेनं स्पेनकडून ते शहर जिंकलं होतं. हजारो सैनिक तिथल्या तापानं मेले होते. ज्या राजासाठी हे लढले, त्याच्याच राजधानीत त्यांच्यावर फळांचा मारा होत होता.

खाली पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या बाकड्यांवर, जेम्स बॉस्वेल नावाचा बावीस वर्षांचा तरुण बसला होता. एडिंबरोच्या न्यायाधीशाचा हा मुलगा तीन आठवड्यांपूर्वीच लंडनला आला होता. त्याचं सगळं चित्त या शहरावर जडलेलं. इंग्रजांसारखं बोलावं, त्यांच्या मैफलीत बसावं, आपलं स्कॉटपण थोडं झाकून ठेवावं, अशी त्याची धडपड चालली होती. पण तो प्रकार पाहून त्याचं रक्त तापलं. बाकड्यावर चढून त्यानं गॅलरीतल्या लोकांना शिव्या दिल्या. मग त्या अधिकाऱ्यांजवळ जाऊन त्यांची विचारपूस केली. त्यातल्या एकानं विचारलं, आम्ही फ्रेंच असतो तरी यांनी याहून वाईट काय केलं असतं? त्या रात्री बॉस्वेलनं रोजनिशीत लिहिलं की दोन्ही राज्यांचं एकत्रीकरण मोडावं आणि पुन्हा एकदा इंग्रजांशी लढाई व्हावी असं आपल्याला मनापासून वाटलं.

ही रोजनिशी विसाव्या शतकात उजेडात आली. तिच्यातलं हे पान मला अठराव्या शतकातल्या ब्रिटनची किल्ली वाटतं. कारण 'ब्रिटिश' नावाचं राष्ट्र तोवर कागदावर पंचावन्न वर्षांचं झालं होतं, पण ते लोकांच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. नाट्यगृहात, खानावळीत, कॉफीच्या दुकानात, कपड्यांत आणि ताटात ते हळूहळू घडत होतं, आणि बहुतेक वेळा भांडत भांडत घडत होतं.

कागदावरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १ मे १७०७ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचं मिळून 'ग्रेट ब्रिटन' झालं. एडिंबरोची संसद बरखास्त झाली. लंडनच्या कॉमन्स सभेत स्कॉटलंडला ४५ जागा मिळाल्या, लॉर्ड्स सभेत १६. स्कॉट चर्च, स्कॉट कायदा आणि तिथली न्यायालयं कायम राहिली. पनामाच्या किनाऱ्यावरच्या डेरियनला वसाहत करण्याच्या वेडात स्कॉटलंडनं थोड्याच वर्षांपूर्वी आपला पैसा बुडवला होता. इंग्लंडच्या वसाहतींचा व्यापार खुला होणार, हे आमिष मोठं होतं. तरीही करार होत असताना एडिंबरोच्या रस्त्यांवर दंगे उसळले. आपलं राज्य विकलं गेलं, ही भावना तिथं पुढं कित्येक वर्षं टिकली.

राज्य एक झालं, माणसं झाली नाहीत. वेल्समध्ये बहुसंख्य लोक वेल्श बोलत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक चाले आणि सपाटीवर स्कॉट बोली. इंग्लंडमध्येही यॉर्कशायरच्या शेतकऱ्याचं बोलणं लंडनच्या दुकानदाराला नीट कळत नसे. वर सिंहासनावर १७१४ पासून हॅनोव्हरचं जर्मन घराणं, आणि त्यातल्या पहिल्या जॉर्जला इंग्रजी जेमतेम येत होतं. अशा देशाला एकत्र बांधणारा धागा कोणता?

पहिला धागा धर्माचा. इंग्लंडचं चर्च वेगळं, स्कॉटलंडचं वेगळं, पण दोन्ही प्रॉटेस्टंट. पोपविषयीची भीती लहानपणापासून मनात भरवली जाई. दर ५ नोव्हेंबरला गावोगाव होळ्या पेटत, घंटा वाजत आणि कॅथलिकांचा जुना कट उधळल्याची आठवण जागी ठेवली जाई. दुसरा धागा फ्रान्सचा. १६८९ ते १८१५ या सव्वाशे वर्षांत दोन्ही देश पुन्हा पुन्हा लढले. फ्रेंच म्हणजे कॅथलिक, फ्रेंच म्हणजे जुलमी राजाचे गुलाम, फ्रेंच म्हणजे बेडूक खाणारे आणि लाकडी जोडे घालणारे भुकेले लोक, असं चित्र सामान्य लंडनकराच्या डोक्यात पक्कं होतं. १७२५ नंतर लंडनला राहिलेल्या सेझार द सोस्यूर या स्विस प्रवाशानं नोंदवलं आहे की रस्त्यावर कुणीही परदेशी दिसला की त्याला फ्रेंच कुत्रा म्हणून हिणवलं जाई. तो माणूस खरोखर कुठला आहे, याच्याशी ओरडणाऱ्यांना कर्तव्य नसे.

या रागाचा फटका कुणाला बसेल, याचा नेम नव्हता. १७५५ च्या नोव्हेंबरमध्ये नटश्रेष्ठ डेव्हिड गॅरिकनं ड्रुरी लेन नाट्यगृहात 'चायनीज फेस्टिव्हल' हा भपकेबाज नृत्यप्रयोग लावला. नृत्यं बसवणारा नोव्हेर पॅरिसहून आलेला, आणि फ्रान्सशी युद्ध तोंडावर. तो स्विस आणि प्रॉटेस्टंट आहे, असं गॅरिकच्या बाजूनं परोपरीनं सांगून पाहिलं गेलं. पिट आणि गॅलरी ऐकायला तयार नव्हते. बाकडी मोडली, झुंबरं फुटली, पडदे फाटले, आणि शेवटी प्रयोग बंद करावा लागला. त्या काळी नाट्यगृहात उमराव बॉक्समध्ये, व्यापारी आणि वकील पिटात, नोकर-चाकर आणि शिकाऊ कारागीर वरच्या गॅलरीत बसत. सगळा समाज एका छताखाली यावा अशी ती जवळजवळ एकमेव जागा होती. म्हणून राष्ट्राविषयीच्या भावना तिथं आधी फुटत.

'गॉड सेव्ह द किंग' हे गीतही असंच नाट्यगृहातून आलं. १७४५ च्या उन्हाळ्यात पदच्युत स्टुअर्ट घराण्यातला चार्ल्स एडवर्ड स्कॉटलंडला उतरला. डोंगरी टोळ्या त्याला मिळाल्या आणि सप्टेंबरमध्ये प्रेस्टनपॅन्सला त्यांनी राजाच्या फौजेचा धुव्वा उडवला. लंडन घाबरलं. २८ सप्टेंबरच्या रात्री ड्रुरी लेनच्या नटांनी प्रयोग संपल्यावर रंगमंचावर येऊन हे गाणं म्हटलं. थॉमस आर्न यानं त्याची संगीतरचना केली होती. प्रेक्षकांनी उचलून धरल्यामुळे ते रोज होऊ लागलं. तोवर त्याला राष्ट्रगीताचं कसलंच स्थान नव्हतं. याच आर्ननं पाच वर्षांपूर्वी 'रूल ब्रिटानिया'ला चाल दिली होती. समुद्रावर राज्य करणाऱ्या ब्रिटनचा तो अभिमान जेम्स थॉमसन या कवीनं शब्दांत मांडला होता, आणि थॉमसन स्कॉट होता. इंग्लंडमधल्या माणसाला आपण इंग्रज आहोत एवढं पुरेसं वाटे. 'ब्रिटन' या नावाची गरज स्कॉटांना होती, कारण त्या नावात त्यांना जागा होती.

चार्ल्सची फौज डिसेंबरात डर्बीपर्यंत येऊन मागं फिरली. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत तिचा चेंदामेंदा झाला. नंतर जखमींची कत्तल झाली, घरं जाळली, गुरं हाकून नेली. पुढं कायदाच करून डोंगराळ भागातल्या पुरुषांना त्यांचा चौकटीचा टार्टन पोशाख घालायला बंदी केली. पहिल्यांदा पकडला गेला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार वसाहतीत रवानगी. माणसाच्या अंगावरच्या कापडाचं भय एखाद्या सरकारला किती वाटावं! या कायद्यातून सूट एकालाच होती: राजाच्या सैन्यातल्या शिपायाला. ज्याला आपला पोशाख घालायचा असेल त्यानं राजासाठी लढावं. दहा-बारा वर्षांत हायलंड पलटणी कॅनडात, कॅरिबियन बेटांत आणि हिंदुस्थानात लढू लागल्या. कोव्हेंट गार्डनमधले ते दोन अधिकारी याच वाटेनं आले होते.

१७६२ मध्ये लंडनला स्कॉटांचा एवढा राग येण्याचं ताजं कारण राजवाड्यात होतं. तिसरा जॉर्ज १७६० मध्ये गादीवर आला. या घराण्यातला इंग्लंडमध्ये जन्मलेला हा पहिला राजा. संसदेपुढच्या पहिल्या भाषणात त्यानं आपल्याला 'ब्रिटन', म्हणजे ब्रिटिश माणूस, असल्याचा अभिमान वाटतो असं सांगितलं. इंग्लिश न म्हणता त्यानं ब्रिटन म्हटलं, हे इंग्रज कानांनी बरोबर टिपलं. त्यात त्याचा लाडका गुरू, लॉर्ड ब्यूट, स्कॉट. १७६२ च्या मे महिन्यात तो पंतप्रधान झाला आणि त्याचं कुलनाम होतं स्टुअर्ट! सगळ्या सरकारी जागा स्कॉटांनी बळकावल्या, अशी हाकाटी सुरू झाली. जॉन विल्क्स या खासदारानं 'नॉर्थ ब्रिटन' नावाचं पत्र काढून ब्यूटवर आणि एकंदर स्कॉटांवर तोंडसुख घेतलं. त्याचा ४५वा अंक एप्रिल १७६३ मध्ये निघाला. राजाच्या भाषणावर त्यात टीका होती म्हणून विल्क्सला पकडलं, आणि बघता बघता तो लोकांचा नायक झाला. ४५ हा आकडा खडूनं दारांवर, भिंतींवर आणि गाड्यांवर उमटू लागला. चौकाचौकांत लोक एक बूट आणि एक परकर जाळत. बूट म्हणजे ब्यूट, परकर म्हणजे राजमाता. इंग्रजांचं स्वातंत्र्य आणि स्कॉटांचा द्वेष ही दोन्ही एकाच आगीत पेटत होती, हे विल्क्सच्या चळवळीचं वाईट अंग आहे. त्याच्या गौरवात ते झाकलं जाऊ नये.

आता ताटाकडे वळू, कारण रोजच्या जगण्यात राष्ट्र सर्वांत आधी ताटात दिसायचं. गोमांसाचा भाजलेला मोठा तुकडा ही इंग्रजपणाची खूण. १७४८ मध्ये विल्यम होगार्थ हा चित्रकार फ्रान्समधल्या कॅले बंदराच्या वेशीचं रेखाटन करताना हेर म्हणून पकडला गेला. सुटून आल्यावर त्यानं त्या वेशीचंच चित्र काढलं. मधोमध इंग्रजी खानावळीसाठी आलेला मांसाचा भलामोठा तुकडा, त्याकडे आशाळभूत नजरेनं पाहणारा लठ्ठ पाद्री, भोवती पातळ सूप पिणारे काटकुळे फ्रेंच शिपाई. आणि कोपऱ्यात उपाशी, खंगलेला एक टार्टनधारी स्कॉट, कलोडननंतर परागंदा झालेला. फ्रेंच आणि बंडखोर स्कॉट यांना होगार्थनं एकाच चौकटीत बसवलं. याच्या छापील प्रती दुकानांच्या खिडक्यांत लागत आणि ज्यांना विकत घेणं परवडत नसे, ते रस्त्यावर उभे राहून पाहत.

त्याआधी एकच वर्ष, १७४७ मध्ये, हॅना ग्लास या बाईंचं पाकशास्त्राचं पुस्तक निघालं होतं. घरातल्या मोलकरणींना वाचून समजावं अशा साध्या भाषेत ते लिहिलेलं होतं. इंग्रज स्वयंपाकी सोडून उधळ्या फ्रेंच आचाऱ्यामागं धावणाऱ्या श्रीमंतांवर त्या प्रस्तावनेत तुटून पडतात. त्याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीची 'करी' करायची कृती आहे. शत्रूच्या पाकशैलीला शिव्या आणि दूरच्या मुलखातल्या रश्श्याला मानाचं पान, हे एका पुस्तकात शेजारी शेजारी नांदलं. करी खाल्ल्यानं इंग्रजपण बाटत नव्हतं, फ्रेंच सॉसनं बाटत होतं.

चहाचं तसंच. शतकाच्या सुरुवातीला ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यातलं पेय होतं, चहाचा डबा कुलपात ठेवला जाई. शतक संपेपर्यंत शेतमजुराच्या झोपडीतही चहा उकळत होता. मधल्या काळात कर इतका जबर होता की कितीतरी चहा चोरट्या वाटेनं येई. १७८४ मध्ये तो ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या व्यापाराचा कणा मोडला. साखर सन १७०० मध्ये माणशी वर्षाला सुमारे चार पौंड खाल्ली जाई, १८०० मध्ये सुमारे अठरा. पान चीनचं, साखर कॅरिबियन बेटांवरच्या आफ्रिकी गुलामांच्या रक्ताघामाची, आणि ती घालून घेतलेला घोट मात्र अस्सल इंग्रजी! हा विरोध त्या काळच्या काही माणसांनाही बोचला. १७९१ मध्ये गुलामांच्या व्यापाराला बंदी घालणारा ठराव संसदेनं फेटाळल्यावर हजारो घरांतल्या बायकांनी साखर आणणं बंद केलं. मताचा अधिकार नसलेल्या बायकांनी स्वयंपाकघरातून केलेलं ते राजकारण होतं, आणि मला या शतकातल्या कुठल्याही लढाईपेक्षा ते मोठं वाटतं.

वेस्टमिन्स्टरमध्ये १७७४ पासून चहा, साखर आणि तंबाखू विकणारं एक छोटं वाणसामानाचं दुकान होतं. दुकानदाराचं नाव इग्नेशियस सांचो. गुलाम आईबापांच्या पोटी जन्मलेला हा कृष्णवर्णी माणूस लहानपणी लंडनला आणला गेला होता. मालमत्तेच्या अटीत बसत असल्यामुळे त्यानं संसदेच्या निवडणुकीत मतदान केलं. तेव्हा इंग्लंडमधल्या बहुसंख्य गोऱ्या पुरुषांना हा अधिकार नव्हता. १७८० च्या जूनमध्ये कॅथलिकांना दिलेल्या किरकोळ सवलतींविरुद्ध लंडन पेटलं. जमावानं तुरुंग फोडले, चॅपल जाळली, आणि आठवड्याभरात तीनशेच्या आसपास माणसं मेली. तेव्हा दुकानातून बाहेरचा धिंगाणा पाहत सांचोनं पत्रांतून त्याची हकिकत लिहून ठेवली. ब्रिटिश म्हणवणारा जमाव ब्रिटिश माणसांची घरं जाळत होता आणि त्याची शुद्धीवरची नोंद एक आफ्रिकी वंशाचा दुकानदार करत होता.

पुढच्याच वर्षी, १७८१ मध्ये, लंडनला एक मराठी ब्राह्मण आला. रघुनाथराव पेशव्यानं आपली बाजू मांडायला हणमंतराव आणि मणियार नावाचा पारशी, असे वकील विलायतेला धाडले होते. पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजांचा पदर धरणाऱ्या राघोबाचं हे राजकारण आपल्याला ठाऊक आहे. त्या वकिलांचं पुढं काय झालं हे कमी ठाऊक आहे. परक्या शहरात सोवळं-ओवळं सांभाळताना त्यांचे हाल होत होते. ते एडमंड बर्क या खासदाराच्या कानावर गेलं. त्यानं त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि झाडं ठेवण्याची काचेची खोली त्यांच्या ताब्यात दिली. तिथं त्यांनी आपल्या हातानं रांधलं, आपली स्नानसंध्या केली. हा बर्क डब्लिनचा आयरिश, त्याची आई कॅथलिक. संसदेत तो नामांकित वक्ता होता, पण व्यंगचित्रकार त्याला आयुष्यभर पोपच्या पाद्र्याच्या झग्यात दाखवत राहिले. परकेपण काय असतं हे त्यानं भोगलं होतं. परक्याच्या जेवणाची अडचण म्हणूनच त्याला लवकर समजली असावी.

स्कॉटांनी मात्र परकेपणावर वेगळा उपाय काढला. त्यांनी 'ब्रिटिश' हे नाव आपलंसं केलं आणि ते मोठं केलं. आपल्या बोलण्यातला गावरानपणा घालवण्यासाठी एडिंबरोचे वकील आणि प्राध्यापक धडपडू लागले. डेव्हिड ह्यूमसारख्या थोर तत्त्वज्ञानं इंग्रजीत टाळायच्या स्कॉट शब्दांची यादी केली. १७६१ मध्ये थॉमस शेरिडन हा आयरिश नट एडिंबरोत शुद्ध उच्चारांवर व्याख्यानं द्यायला आला आणि प्रतिष्ठितांची गर्दी झाली. डॉ. जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशात ओट्सच्या नोंदीत स्कॉटांना टोमणा मारला, पण त्या कोशासाठी त्याच्या हाताखाली राबलेल्या सहा लेखनिकांपैकी पाच स्कॉट होते. १७६८ ते १७७१ या काळात एडिंबरोतून ज्ञानकोश निघाला, त्याचं नाव 'ब्रिटानिका' ठेवलं गेलं. टार्टनवरची बंदी १७८२ मध्ये उठली, आणि ज्या कापडासाठी तुरुंग होता ते पुढं राजदरबारी मिरवलं.

या सगळ्यात मोठा वाटा हिंदुस्थानचा आहे. हेन्री डंडास या स्कॉट राजकारण्याकडे १७८४ नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरच्या सरकारी देखरेखीचं सूत्र आलं, आणि स्कॉटलंडच्या गरीब सरदारघराण्यांतल्या धाकट्या मुलांना इथल्या नोकऱ्यांची वाट खुली झाली. लंडनच्या गॅलरीत त्यांना कुणी हुसकावलं असेल, पण मुंबई-मद्रासच्या किनाऱ्यावर उतरताच ते नुसते राज्यकर्ते होते. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन डंबार्टनचा. त्याच्यामागून आलेला जॉन मालकम स्कॉटलंडच्या सीमेवरच्या एस्कडेलचा. साताऱ्याचा रेसिडेंट आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिणारा जेम्स ग्रँट डफ बॅन्फचा.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईच्या रानात शिंद्यांच्या तोफांपुढं जी फौज उभी होती, तिचा सेनापती आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मलेला. त्याच्याबरोबर घोड्यावर असलेला तेवीस वर्षांचा तरुण म्हणजे हाच एल्फिन्स्टन. शिंद्यांच्या तोफांनी सर्वांत जास्त भाजून काढली ती ७४वी हायलंड पलटण. तिचे जवळपास सगळे अधिकारी त्या दिवशी पडले किंवा जखमी झाले. आपण मराठीत आजही त्या सगळ्यांना इंग्रजच म्हणतो.